इंजिन परत सुरू झालं, पण भट्टीवर उभं कोण राहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन परत रुळावर आलं अशी बातमी आली की मी ती दोनदोनदा वाचते, फोटो मोठा करून बघते आणि मग हमखास हळहळ वाटते, कारण बातमीत हिरवा झेंडा कोणी दाखवला, डबे किती, तिकीट कधी मिळणार हे सगळं असतं पण भट्टीसमोर कोण उभं होतं आणि त्याला ते काम कोणी शिकवलं हे कुठेच नसतं. माझे वडील, आमचे अण्णा, वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकून जाळ सांभाळणारे, म्हणून मला जास्त खटकत असेल, पण हा फक्त माझ्या भावनेचा मुद्दा नाही.

लोकांना वाटतं कोळसा टाकला की गाडी चालली. तसं नसतं हो. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रा कुठे जास्त कुठे कमी फुगतो आणि ट्यूबच्या सांध्यातून पाणी गळायला लागतं, म्हणून सकाळी गाडी सोडायची असेल तर आदल्या दिवशीच जाळ लावून हळूहळू तापवत आणावं लागतं, रात्रभर कोणीतरी जागं राहतं. गाडी चालू असताना फायरमनचा एक डोळा कायम बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, कारण भट्टीच्या छतावरचं पाणी कमी झालं तर छताचा पत्रा तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्यासाठी छतात शिशाचा प्लग असतो, तो आधी वितळतो आणि वाफ भट्टीत सुटते, म्हणजे धोका कळतो. पण आमचे अण्णा म्हणायचे, ज्याच्या ड्युटीत प्लग वितळला त्याने शेडमधे कुठल्या तोंडाने यायचं?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी जतन केलेलं इंजिन चालवून दाखवणार होते म्हणून मी अण्णांना घेऊन गेले होते. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघतोय, सगळे खुश होऊन फोटो काढतायत आणि अण्णा मात्र अस्वस्थ. काळा धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाहीये. शेवटी राहवेना तेव्हा त्यांनी खालूनच भट्टीवरच्या पोराला हाक मारली, अरे मधे ढीग नको करू, कोपऱ्यात टाक, थोडं थोडं टाक. पोरगा चांगला होता, म्हणाला काका तुम्हीच वर या. सत्तरी पार केलेला माणूस दांडा धरून वर चढला, पाचसहा फावडी टाकली असतील, मनगटाला असा झटका द्यायचे की कोळसा पंख्यासारखा पसरून मागच्या कोपऱ्यापर्यंत जायचा. थोड्या वेळात धूर करडा झाला. तो पोरगा म्हणाला, मला हे कोणी दाखवलंच नव्हतं, दोन दिवस सांगितलं आणि उभं केलं.

हेच माझं म्हणणं आहे. आपली फेअरी क्वीन घ्या. १८५५ मधे इंग्लंडच्या लीड्समधे बांधलेलं हे इंजिन १९०९ मधे कामातून निघालं आणि ८८ वर्षांनी, १९९७ मधे परत दिल्ली-अलवर धावलं, पुढच्याच वर्षी नियमित चालणारं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीजमधे नाव लागलं. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण तेव्हाची एक गोष्ट आपण विसरतो, आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ पर्यंत चालू होती, म्हणजे हे काम जाणणारे ड्रायव्हर, फायरमन, बॉयलरवाले तेव्हा हाताशी होते. त्यावेळी पंचविशीत असलेला पोरगा आज पंचावन्नच्या घरात आहे आणि त्याचा उस्ताद बहुतेक नाहीच.

हुन्नर एकदा गेलं की पैसे देऊनही पटकन मिळत नाही. ज्या ब्रिटनने रेल्वे जगाला दिली तिथे काही वेड्या लोकांनी वर्षानुवर्षं पैसे जमवून टोर्नेडो नावाचं अगदी नवं वाफेचं इंजिन बांधलं, २००८ मधे ते पुरं झालं, पण त्याचा बॉयलर जर्मनीत माइनिंगनच्या कारखान्यातून करून आणावा लागला. तिथल्याच फ्लाइंग स्कॉट्समन या जुन्या नावाजलेल्या इंजिनाची दुरुस्ती २००६ ला सुरू होऊन २०१६ ला संपली, ४२ लाख पाउंड लागले. (आणि पहिल्याच फेरीला लोक फोटोसाठी रुळांवर आले म्हणून गाडी थांबवावी लागली, असं कृपा करून कोणी करू नका.) एवढं करूनही काम संपत नाही, तिकडे साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर उघडून पूर्ण तपासावा लागतो, अमेरिकेत १४७२ दिवस काम किंवा १५ वर्षं, जे आधी होईल ते. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशीच पुढच्या मोठ्या दुरुस्तीचं घड्याळ चालू होतं, आणि ती दुरुस्ती करणारी माणसं तेव्हा कुठून आणणार?

काहीजण म्हणतात कशाला धूर आणि खर्च, म्युझियममधे ठेवा. धुराचा मुद्दा मला मान्य आहे, रोज चालवा असं मी म्हणतच नाही, आणि कोळसाच हवा असंही नाही, अमेरिकेतलं बिग बॉय ४०१४ हे अवाढव्य इंजिन २०१९ मधे परत चालू केलं तेव्हा ते तेलावर केलं. पण नुसत्या उभ्या इंजिनावर कोणी काही शिकत नाही.

हरियाणातल्या रेवाडीचं वाफेच्या इंजिनांचं शेड आपल्याकडे आहे, तिथे आयटीआयची पोरं दरवर्षी थोडी थोडी का होईना, व्यवस्थित स्टायपेंड देऊन, निवृत्त ड्रायव्हर-फायरमनच्या हाताखाली ठेवावीत. भाषणं नकोत, राख काढण्यापासून सुरुवात करू दे. जे म्हातारे प्रवास करू शकत नाहीत त्यांच्याकडे जाऊन हातांचे व्हिडिओ काढा, चेहऱ्याचे नाही, हातांचे. अण्णांचा असा एकही व्हिडिओ माझ्याकडे नाही, ते गेल्यावर हे सुचलं.

आणि तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा बातमीदाराला इंजिनवर चढायला सांगा आणि फायरमनचं नाव विचारून छापा.

आपली,
एका फायरमनची मुलगी