जावाचा रनटाइम सोबत देताना

संपादक महोदय,

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या ११व्या आवृत्तीपासून ओरॅकल कंपनीने स्वतंत्र ‘जेआरई’ (जावाचे प्रोग्राम चालवायला लागणारा रनटाइम) देणे थांबवल्यावर, जावा ९ सोबत २०१७ मध्ये आलेले ‘जेलिंक’ हे साधन वापरून लागतील तेवढ्याच मॉड्यूलचा (जावाच्या सुट्या भागांचा) रनटाइम प्रोग्रामसोबत देणे, हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. मात्र प्रोग्रामला कोणती मॉड्यूल लागतात हे शोधणाऱ्या ‘जेडेप्स’ने काढलेली यादी डोळे झाकून स्वीकारू नये. जावा १७ वर ‘जेडीके.क्रिप्टो.ईसी’ हे कूटलेखनाचे मॉड्यूल त्या यादीत सहसा येत नाही आणि ते राहून गेले, तर चाचणीत सुरळीत चाललेला प्रोग्राम प्रत्यक्षात एचटीटीपीएस (सुरक्षित वेब) जोडणी जुळतानाच अनेकदा अडतो. मॉड्यूलचे वर्णन नसलेली जुनी जार (जावा कोडची एकत्र बांधलेली फाइल) जेलिंक घेतच नाही. ही अट जाचक असली तरी रास्त आहे. शिवाय रनटाइम सोबत दिल्यावर सर्व्हरवरील जावा अद्ययावत करून भागत नाही, दर तिमाहीच्या सुरक्षा-दुरुस्तीनंतर बांधणी नव्याने करून द्यावी लागते, आणि देखभालीच्या करारात या कामाची तरतूद आधीच असायला हवी.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे