आमच्या वस्तीवरच्या आशाताईंचे जाहीर आभार

आशाताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्यासारख्या बायांनी ते जरूर वाचावं.

मागच्या वर्षी चैत्रात कारखान्यावरून परतले तेव्हा मला पाचवा महिना होता. थोडा चढ चढला की धाप लागायची, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मोळ्या वाहून बाई थकणारच, असं घरीदारी सगळे म्हणायचे. तुम्ही मात्र माझी खालची पापणी ओढून पाहिलीत आणि हळूच विचारलंत, "पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते का गं?" माती, खडू, पेन्सिल खायची ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी पडल्यानं लागते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला रडूच आलं. तोवर त्यावरून मी फक्त बोलणी खाल्ली होती.

उपकेंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८ निघालं. गरोदरपणी ते ११ च्या वर हवं. रक्त इतकं कमी असेल तर बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेततं, हे तुम्ही माझ्याआधी यांना बसवून समजावलंत. नुसत्या गूळ-शेंगदाण्यानं एवढी तूट भरत नाही, गोळी घ्यावीच लागते, हेही स्पष्ट सांगितलंत.

लाल गोळीनं मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, म्हणून वस्तीवरच्या कितीतरी जणी ती मधेच सोडून देतात. तुम्ही येऊन विचारत राहिलात. काळं होणं लोहामुळेच, घाबरू नको, म्हणालात. जेवणानंतर घे, पण चहा-दुधाबरोबर नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे. चहातल्या द्रव्यांमुळे लोह अंगी लागत नाही, लिंबू-पेरूनं ते चांगलं लागतं. तेव्हापासून आमच्याकडे भाकरीबरोबरचा चहा बंद झाला आणि पालेभाजीवर लिंबू पिळायला लागलो. जंताची गोळी दिलीत, तेव्हाच रानात चप्पल घालायला लावलीत, कारण आकडी जंत तळपायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. उघड्या पायांनी फडात हिंडणाऱ्या आम्हा बायांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. बाळंतपणाच्या वेळी माझं हिमोग्लोबिन १०.६ होतं. श्रावणात बाळ झालं, धडधाकट. पुढचे सहा महिनेही तुम्ही गोळ्या सोडू दिल्या नाहीत.

आत्याबाईंचं तर वेगळंच. त्या माळकरी, अंडं-मटण शिवत नाहीत, आणि दुभतं जनावर विकल्यापासून घरात दूधही नव्हतं. पायांना मुंग्या, जीभ लालबुंद, तिखट सोसवत नसे. सगळे म्हणत, वयच झालं. ते बी-१२ कमी झाल्याचं असू शकतं, हे तुम्ही ओळखलंत आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवलंत. हे जीवनसत्त्व धान्या-भाज्यांत नसतं, आणि फार दिवस कमी राहिलं तर नसांना कायमची इजा होऊ शकते. इंजेक्शनं झाली, आता त्या रोज वाटीभर दही खातात आणि एकट्या देवळात जाऊन येतात. ताई, त्याही तुम्हाला खूप मानतात.

बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस तुम्हीच पाजलात. पुढचा सोळा ते अठरा महिन्यांत, आणि नेमके तेव्हा आम्ही फडात असणार. दिवाळी झाली की टोळी निघेल. त्याआधी कार्ड घेऊन येते. तिकडच्या आशाताईंना दाखवता येईल असं त्यावर ठळक लिहून द्या. आणि यंदा आमच्या टोळीत आणखी दोघी पोटुशा आहेत, त्यांनाही बरोबर आणते.

तुमची,
वस्तीवरची एक आई