बुसॉक्साच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

कोरियनमधलं आभाराचं पत्र तुम्हाला पोस्टाने पोचलंच असेल. ते चार ओळींचं होतं, कारण माझं कोरियन ऑफिसच्या मेलपुरतं. हे दुसरं पत्र मराठीत लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. त्यात थोडा स्वार्थ आहे. सुवॉनच्या आसपास नोकरीला आलेले आमचे मराठी लोक आणि सुट्टीत त्यांच्याकडे येणारे आईवडील, सोल, बुसान, जेजू उरकलं की विचारतात, "आता कुठे जायचं?" मी म्हणते, यॉंगजू आणि आंदोंग, ही दोन छोटी शहरं. लगेच पुढचा प्रश्न येतो, "तिथे काय आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून शिकले, म्हणून आभारही सगळ्यांदेखतच मानायला हवेत.

आधी आमच्या लोकांसाठी एक गोष्ट सांगून टाकते. कोरियातल्या बहुतेक मोठ्या वारसास्थळांवर प्रशिक्षित सांस्कृतिक मार्गदर्शक असतात आणि त्यांना पैसे द्यायचे नसतात. कितीतरी जण त्यांच्या खोलीवरून तसेच पुढे निघून जातात. यॉंगजूच्या बुसॉक्सा मंदिरात आई आणि मीही तशाच पुढे गेलो असतो. आईचे गुडघे बघून तुम्हीच मार्गदर्शकांच्या खोलीतून बाहेर आलात आणि म्हणालात, "वरपर्यंत जायचंय ना? मग माझ्याबरोबर चला, मी हळू चालते." तुम्ही अजिबात हळू चालत नाही बाई! पण प्रत्येक टप्प्यावर थांबून काहीतरी दाखवत होतात, आणि ते बघण्याच्या नादात आईला आपण दम खातोय हे कळतही नव्हतं. तुमच्यासारख्या चाळीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळलेल्या माणसालाच असलं जमतं.

बुसॉक्सा हे मंदिर उइसांग नावाच्या भिक्खूने 676 मध्ये स्थापन केलं, 2018 मध्ये त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, हे फलकावर वाचता येतं. पण मुख्य सभागृहात, म्हणजे मुर्यांगसुजॉनमध्ये, आत गेल्यावर आई जी गोंधळली, त्याचं उत्तर फलकावर नव्हतं. इमारतीचं तोंड दक्षिणेला, आणि समोर बघावं तर मूर्तीच नाही. अमिताभ बुद्ध डाव्या हाताला, पश्चिमेच्या टोकाला, पूर्वेकडे तोंड करून बसलेला. तुम्ही सांगितलंत की अमिताभाची सुखावती, म्हणजे त्याचा स्वर्गासारखा लोक, पश्चिमेला, म्हणून त्याचं आसनही पश्चिमेला. मूर्ती पावणेतीन मीटरपेक्षा थोडी उंच आणि आतून चक्क मातीची, वर सोन्याचा मुलामा. मी हे भाषांतर करून सांगितल्यावर आई म्हणाली, "आमच्याकडे शाडूचा गणपती दीड दिवसात पाण्यात जातो, आणि हा शेकडो वर्षं बसलाय?" ते मी तुम्हाला कोरियनमध्ये सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की आतल्या एका आजोबांनी मागे वळून पाहिलं.

मग ते खांब. बहुतेक कोरियन मंदिरांवर हिरवी-लाल रंगवलेली नक्षी असते, इथे मात्र उघडं, ऊन-पाऊस खाऊन तपकिरी झालेलं लाकूड. तुम्ही आईला एका खांबाच्या बाजूला उभं केलंत आणि नजर पायथ्यापासून वर न्यायला सांगितलीत. खांब पोटाशी किंचित फुगीर आहे. सरळसोट केला असता तर लांबून मध्ये खपाटीला गेल्यासारखा दिसला असता, म्हणून सुताराने मुद्दाम फुगवलाय. कोपऱ्यातले खांब बाकीच्यांपेक्षा जरासे उंच आणि आत झुकलेले आहेत, तेही त्याच कारणाने. नाहीतर एवढ्या लांब छपराची टोकं पडल्यासारखी वाटली असती. ही इमारत 1376 मध्ये पुन्हा उभी केलेली. माझे आजोबा सुतार होते, त्यामुळे आईचा तिथून पाय निघेना. समोर सोबेक डोंगरांच्या रांगा एकामागे एक पसरलेल्या होत्या, लोक तिकडे वळून फोटो काढत होते, आणि आमच्या मातोश्री खांबाकडे बघत उभ्या.

तुमची खरी मदत त्यानंतर सुरू झाली.

खाली आल्यावर तुम्ही विचारलंत, "जेवणाचं काय?" मी म्हटलं, आई मांस-मासे खात नाही, तसं सांगते मी हॉटेलात. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. नुसतं 'मांस नको' म्हटलं की स्वयंपाकीण वरचे मांसाचे तुकडे काढते आणि पदार्थ पुढे करते. सुक्या मेलछी माशांचं पाणी त्यात राहतंच. मग तुम्ही बॅगेतून कागद काढून ठसठशीत अक्षरात पाच गोष्टी लिहून दिल्यात: कोगी म्हणजे मांस, सेंगसॉन म्हणजे मासे, मेलछी युक्सु म्हणजे मेलछीचं पाणी, एकजॉत म्हणजे माशाचा सॉस, सेउजॉत म्हणजे खारवलेली कोळंबी. आणि खाली, "प्पे जुसेयो", हे वगळून द्या. किमचीत शेवटच्या दोनपैकी एक बहुतेक असतंच, तेव्हा किमची सोडायची, हेही बजावलंत. ती चिठ्ठी मी लॅमिनेट केलीय बाई. तिच्या प्रती आता निदान वीसेक मराठी घरांत फिरताहेत. एका काकूंनी ती मंगळसूत्राच्या डबीत ठेवलीय असं ऐकते, खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

आंदोंगमध्ये तुम्ही फोन करून ठेवलेल्या खानावळीत हॉतजेसाबाप मिळालं. पूर्वजांच्या श्राद्धाला जे पान वाढतात तेच, फक्त श्राद्ध न करता. नेहमीचं थाळ्यातलं शार्कचं आणि मांसाचं त्यांनी काढून ठेवलं होतं. उरल्या उकडलेल्या पालेभाज्या, मोड, मुळा, नेच्याचे कोंब, आणि भातावर घालायला तिखट लाल चटणीऐवजी सोया सॉस. श्राद्धाच्या पानात तिखट आणि लसूण चालत नाही, असं मालकीणबाईंनी सांगितलं. आई म्हणाली, "मग बरोबर आहे, आपल्याकडेही पितरांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण घालत नाहीत," आणि कोरियात आल्यापासून पहिल्यांदा तिने भात पुन्हा मागून घेतला.

आता बस. आमच्या लोकांना हे सांगायलाच हवं की कोरियात गुगल मॅप चालण्याचा आणि गाडीचा रस्ता नीट दाखवत नाही, नेव्हर मॅप टाकून घ्या. आणि ह्या भागात गावाकडच्या बस दिवसाला मोजक्याच. आमच्या यादीत ठिकाणं बरीच होती. तुम्ही ती वाचलीत, काही बोलला नाहीत, पाकिटाच्या मागे बसच्या वेळा लिहिल्यात आणि ज्या ठिकाणांना बस जुळत नव्हती ती खोडलीत. शेवटच्या बसखाली दोन रेघा. तुमचं म्हणणं सरळ होतं: खेडं बघायचं तर दोन बसच्या मधला वेळ तिथे काढायचा. मला तेव्हा ते जरा जाचक वाटलं होतं, पण सहलीतलं सगळं चांगलं त्या मधल्या वेळातच घडलं.

मुसॉमचंच बघा. नेसॉंगछॉन नदीने तीन बाजूंनी वेढलेलं गाव. 1979 मध्ये पक्का पूल होईपर्यंत बाहेरच्या जगाशी संबंध एका लाकडी पुलावरून, साधारण दीडशे मीटर लांब आणि रुंदी जेमतेम एक फूट. नवरी पालखीतून ह्याच पुलावरून गावात यायची आणि म्हातारी होऊन ताटीवरून ह्याच पुलाने बाहेर जायची, असं तिथले लोक सांगतात. पावसाळ्यातल्या पुरात पूल वाहून जायचा आणि गाव दरवर्षी तो नव्याने घालायचं. तुम्ही सांगितलं होतंत, "मध्ये मध्ये बाजूला लाकडाचा छोटा तुकडा जोडलेला दिसेल. समोरून कुणी आलं तर त्यावर सरकून उभं राहायचं." पहिल्या बसने जा, असंही म्हणाला होतात. त्यामुळे पुलावर आई होती, मी होते, आणि समोरून पिशवी घेऊन येणाऱ्या एक आजी. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' अशा खुणा करत पाण्यावर उभ्या. शेवटी आजी बाजूला सरकल्या, आणि आई जवळून जाताना त्यांनी तिचा दंड धरून तिला पुढे काढलं. परतीच्या बसला वेळ होता, मग त्याच आजींनी अंगणात बसवून सफरचंदं कापून दिली. वरच्या बाजूला धरण झाल्यापासून नदीतली वाळू कमी झाली आणि गवत वाढलं, ही त्यांची तक्रार मला अर्धीमुर्धी कळली. आईला एक शब्द कळला नाही, पण ती नदीकडे बघून जोरजोरात मान हलवत होती.

सोसु सोवॉन आम्ही धावतच पाहिलं. 1543 मध्ये सुरू झालेलं, कोरियातलं पहिलं सोवॉन, म्हणजे कन्फ्यूशियन विद्यापीठ. पाइनची झाडं सुरेख आहेत. पण तुम्ही ब्यॉंगसान सोवॉनसाठी जितका जीव टाकलात तितका इथे टाकला नव्हतात, आणि तुमचं बरोबर होतं.

आंदोंगजवळच्या हाहवे गावाला सगळेच जातात. राणी एलिझाबेथ 1999 मध्ये आपल्या वाढदिवसाला तिथे जेवली, ह्याचं कौतुक गावभर आहे. मला त्यात फार रस नाही. मुखवट्यांचं नाटक मात्र चुकवू नये. सरदाराच्या मुखवट्याची हनुवटी वेगळी असते, दोरीने बांधलेली. नटाने मान मागे टाकली की तोंड उघडतं आणि सरदार खदखदून हसतो, मान खाली घातली की तोच चेहरा रागावतो. सरदार आणि पंडित भर चौकात एकमेकांची अक्कल काढतात, आणि गावातल्या खऱ्या सरदारांच्या देखत हे शेकडो वर्षं चालत आलं. तमाशातला सोंगाड्या पाटलाची खोड काढतो तेव्हा आपण असंच हसतो.

पण दिवसाची अखेर ब्यॉंगसानला करा, असं तुम्ही लिहून दिलं होतंत. परतीची बस नसणार म्हणून ओळखीच्या टॅक्सीवाल्यालाही सांगून ठेवलंत. मान्देरु नावाचा तिथला सात खणांचा उघडा सोपा: भिंत नाही, दार नाही, रंग नाही. खालचे खांब झाड जसं वाढलं तसेच, वाकडे. सोप्यावर आता चढू देत नाहीत. मागच्या वर्गाच्या ओट्यावर बसलं की खांबांच्या सात चौकटींतून नदी, वाळू आणि समोरचा डोंगर दिसतो. एकोणिसाव्या शतकात दरबाराने देशभरची शेकडो सोवॉन बंद पाडली आणि 47 ठेवली. हे त्यातलं एक. तिथेच आवाराबाहेर तुम्ही मुद्दाम बघायला सांगितलेलं नोकरांचं शौचकूप! मातीची भिंत गोगलगायीच्या शंखासारखी आत वळत जाते, दार नाही, छप्पर नाही, तरी बाहेरून आतलं काही दिसत नाही. आईने त्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "डोकं बघ."

तुमच्या यादीतलं एक ठिकाण आमच्याकडून राहिलं, उइसॉंगचं गोउन्सा मंदिर. झऱ्यावर उभा असलेला तिथला गाउनरु नावाचा मंडप बघा, म्हणाला होतात. आम्ही ते पुढच्या खेपेला ठेवलं. मार्च 2025 मध्ये उइसॉंगला वणवा पेटला, वाऱ्याबरोबर आंदोंग, छॉंगसॉंग, यॉंग्यांग असा समुद्रापर्यंत गेला, माणसं गेली, गावं गेली, आणि गाउनरुही जळाला. हाहवेच्या गवती छपरांवर अग्निशमनवाले पाणी मारताहेत हे मी इथे टीव्हीवर बघत होते. तुम्हाला मेसेज केला तर उत्तर आलं, "आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?" त्या आठवड्यात, बाई, तुम्ही गुडघ्यांची चौकशी केलीत! आईला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "त्यांना आपल्याकडे बोलाव."

तर बोलावते. चढताना तुम्ही अजिंठा-वेरूळबद्दल विचारलं होतंत. ग्यॉंगजूच्या सॉकगुरामला तुमच्या लोकांनी ग्रॅनाइटचे चिरे रचून, वर माती टाकून गुंफा केली, आणि आमच्याकडे अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला, तो बघायचाय म्हणाला होतात. मग ऐका, आता माझी पाळी. उन्हाळ्यात येऊ नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, म्हणजे बुधवारी मुक्कामाला पोचायचं आणि शुक्रवारपर्यंत दोन्ही होतं. वेरूळला कैलास लेणं सकाळी पहिलं घ्या. अजिंठ्याला वाहनतळापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत वेगळी बस असते, तिथून पुढे पायऱ्या आहेत. त्या चढताना हळू कोण चालतं ते बघू. आणि तिखटाची काळजी करू नका, चिठ्ठी मी लिहून देईन.

आईने तुमच्यासाठी मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं पाठवलंय. मेतकुटात मेलछी नाही.

तुमची,
सुवॉनची विद्यार्थिनी
(आणि तिची आई)