पाऊस उघडला तरी विमान का येत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या दिवसांत चिपीचे, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाचे, विमान रद्द झाले की ‘पाऊस नसतानाही वैमानिकाचा नकार’ असा सूर लागतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा हा निर्णय विमान सुटण्याच्या दोनेक तास आधीच, कंपनीच्या दूरच्या कार्यालयात फ्लाइट डिस्पॅचरच्या, म्हणजे उड्डाणाचे नियोजन करणाऱ्याच्या, टेबलावर आकार घेतो. वैमानिकाची संमती त्यानंतर येते. आणि दोघेही पावसापेक्षा ढग किती खाली आले आहेत, हे आधी बघतात.

धावपट्टीवर आयएलएस (रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा) असेल, तर तिच्या साध्या श्रेणीत वैमानिकाला धावपट्टी दिसली नाही तरी 200 फुटांपर्यंत खाली येता येते आणि धावपट्टीवरची दृश्यमानता निदान 550 मीटर लागते. ती यंत्रणा नसेल तर ही मर्यादा बरीच वर जाते. ही उंची मोजतात धावपट्टीपासून, आणि चिपीची धावपट्टी सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर, आहे. खाली वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून ‘ढग तसे वरच आहेत’ असे वाटते, तेव्हा सड्यावर ते डोक्याला टेकलेले असू शकतात. सर ओसरल्यावरही मळभ तासन्‌तास हलत नाही, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

खरी डोकेदुखी पर्यायी विमानतळाची, म्हणजे चिपीला उतरता आले नाही तर जायचे कुठे याची. नकाशावर गोव्यातले मोपा हाकेच्या अंतरावर. पण चिपी ज्या ढगांत, त्याच ढगांत मोपा आणि गोव्यातलेच दाबोळीही. शिवाय दाबोळी नौदलाचा तळ, त्यामुळे तिथल्या वेळा नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) पाहिल्याशिवाय गृहीत धरता येत नाहीत. घाटावर बेळगाव आहे, पण पावसाळ्यात तिथेही ढग जमिनीला लागतात. मग पुणे, मुंबई किंवा हैदराबाद धरावे लागते आणि इंधनाचा हिशेब फुगतो: प्रवासाचे इंधन, त्याच्या साधारण 5 टक्के जादा, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर 30 मिनिटे घिरट्या घालण्याइतके. या शेवटच्या 30 मिनिटांच्या राखीव साठ्याला हात लावायची वेळ आली, तर ती आणीबाणीच.

एटीआर 72-600 या छोट्या पंख्याच्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन 23 टन. इंधन वाढले की तेवढा भार उतरवावा लागतो, म्हणजे बॅगा तरी किंवा माणसे तरी. परतीच्या प्रवासात नारळ-तांदळाने भरलेली बॅग दुसऱ्या दिवशी हाती पडते, तेव्हा ती दर वेळी हरवलेली नसते. कित्येकदा हिशेबात मागे राहिलेली असते.

‘मग थोडे थांबा ना!’ असेही म्हणतात. थांबतातच. मेटार (विमानतळावरच्या हवामानाची ताजी नोंद) दर अर्ध्या तासाला बदलतो, टॅफ (तिथल्या हवामानाचा अंदाज) सुधारून येतो. पण वैमानिकांच्या ड्युटीचे तास मोजलेले असतात आणि छोट्या विमानतळाची वेळही ठरलेली. यातले एक जरी संपले, तरी ढग उठूनही विमान निघत नाही. प्रवाशाला तोच उशीर सर्वांत जास्त झोंबतो, कारण तेव्हा खिडकीबाहेर ऊन पडलेले असते.

तक्रार करायचीच तर ती विमान रद्द झाल्याच्या संदेशाबद्दल करावी. ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांत कंपन्या सगळे गुंडाळतात. डिस्पॅचरसमोर आकडे असतातच. संदेशात एवढे लिहायला काय हरकत आहे: ‘ढग 300 फुटांवर, दृश्यमानता 800 मीटर, पुढचा आढावा 11 वाजता, शेवटचा निर्णय 1 वाजेपर्यंत’? कुडाळहून रिक्षा करून निघायचे की घरीच थांबायचे, हे प्रवाशाला त्यावरून ठरवता येईल.

आपला,
उड्डाण नियोजन क्षेत्रातील एक वाचक, कुडाळ