आई-बाबा, मी नाशिकलाच राहायचं ठरवलंय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई लगेच "बरं बाई, तुझ्या मनासारखं कर" म्हणते आणि बाबा, तुम्ही फोन तिच्या हातात देऊन पेपर उघडता. म्हणून लिहितेय. चहा झाला की दोघांनी शेजारी बसून वाचा, आणि बाबा, मोठ्यानं वाचा. मोतीबिंदूमुळे आईला बारीक अक्षर दिसत नाही, पण ती कबूल करणार नाही.

हॉस्पिटलची नोकरी मी सोडली. गंगापूर रोडला आम्ही काही जण मिळून लहान मुलांच्या मानसोपचाराचा दवाखाना चालवतो, त्या जागेचा करार झालाय. दिवाळीनंतर कराडला येऊन दवाखाना काढायचा, हे आपलं बोलणं आता होणार नाही. बाबा, तुम्ही खालची पुढची खोली रंगवून घेतलीत, पाटीसाठी बाहेर खिळेसुद्धा ठोकलेत, हे दादानं सांगितलं तेव्हा घास गिळवेना.

तुम्ही नेहमी म्हणता, एम.डी. झालीस, टेबल-खुर्ची टाक आणि बस. मोठ्या माणसांची प्रॅक्टिस तशी करता येते, माझ्या बॅचचे कितीतरी जण उत्तम करतात. लहान मुलांचं तसं होत नाही, बाबा. हॉस्पिटलच्या ओपीडीत बाहेर रांग असायची आणि एका मुलाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं यायची. तेवढ्यात पोर माझ्याकडे नीट बघतसुद्धा नाही, बोलणार कधी?

आमच्याकडे येणाऱ्या मुलांत नेहमी दिसणारी एक गोष्ट सांगते. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, दृष्टही काढून झाली, सगळं नॉर्मल. घरात म्हणतात नाटकं करतो. आमची सायकॉलॉजिस्ट त्याच्याबरोबर जमिनीवर बसून खेळते. ती नागपूरकडची आहे, मुलं तिच्या बोलण्याला आधी हसतात आणि मग उत्तरं द्यायला लागतात. विशेष शिक्षक सर त्याच्या गेल्या वर्षीच्या वह्या मागवतात. पुस्तक-वह्या आणा म्हटलं की आया या वर्षीच्या कव्हर घातलेल्या आणतात, पण सरांना जुन्याच लागतात. फळ्यावरून उतरवलेलं पान मोत्यासारखं असतं. श्रुतलेखनाच्या, म्हणजे ऐकून लिहिलेल्या पानावर 'भ' आणि 'म' एकमेकांच्या जागी, जोडाक्षरं गायब, अर्धी ओळ कोरी. मग कळतं की सोमवारी पहिला तास मराठीचा असतो आणि बाई एकेकाला उभं करून धडा वाचायला लावतात.

हे मला एकटीला चार भिंतींत बसून कळलं नसतं. माझ्या वाट्याला येतात आई, वडील आणि बहुतेक वेळा आजी. पहिल्या भेटीला आम्ही दीड तास ठेवतो. तीन पिढ्यांचा कागद काढतो: कोण कुणाजवळ, कुणाशी कोण बोलत नाही, आजोबांना वाचता येत होतं का. हा कागद काढताना पुष्कळदा वडीलच गप्प होतात आणि थोड्या वेळानं म्हणतात, "मॅडम, मलाही वाचताना असंच व्हायचं." त्यानंतर त्या मुलाला घरात कुणी नाटकी म्हणत नाही. औषधाची एक गोळी न देता अर्धं काम होतं.

बाबा, हे वाचताना तुम्हाला ओट्यावरचा तो मुलगा आठवला असेल. तीसपर्यंत पाढे पाठ, हिशेब तोंडी, पण पुस्तक उघडलं की घाम. तुम्ही संध्याकाळी त्याला वाळूत अक्षरं गिरवायला लावायचात आणि मी पायरीवर बसून बघायचे. आमचे सरही तेच करतात, ट्रेमध्ये रवा पसरून. तेव्हा त्याला 'ढ' म्हणण्यापलीकडे शाळेकडे काही नव्हतं. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात अध्ययन अक्षमता (हुशार असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं) आणि स्वमग्नता (ऑटिझम) दोन्ही आहेत. आता बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. त्यासाठी सरकारनं नेमलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आमचा कागद पुरत नाही. म्हणून सर फाईल तयार करतात आणि कुठल्या खिडकीवर जायचं इथपर्यंत पालकांना लिहून देतात. तुम्ही त्यांना भेटाच. तुमचं त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त जमेल.

आणि आमच्या रिसेप्शनच्या ताई. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे, आता अठरा पार झालाय. सासरी त्यांनी काय काय ऐकलं ते त्या मोजकंच सांगतात. गरोदरपणी ग्रहण बघितलंस, मुलाला जवळ घेतलं नाहीस, टीव्हीसमोर बसवलंस. एके काळी डॉक्टर मंडळीसुद्धा आयांनाच दोष द्यायची, घरच्यांचं काय घेऊन बसलात. पहिला फोन आला की ताई नाव विचारण्याआधी म्हणतात, "सावकाश सांगा, घाई नाही." पलीकडची बाई रडायला लागली तर त्या फोन ठेवत नाहीत, बाहेर कितीही जण बसलेले असोत. एवढं एक काम त्या कुठल्याही शिकलेल्या माणसापेक्षा चांगलं करतात, माझ्यापेक्षाही.

आई, तुझी काळजी वेगळी, मला माहीत आहे. 'एवढ्याशा पोरांना डोक्याच्या गोळ्या देतेस?' बहुतेकांना देत नाही गं. अतिचंचल मुलांसाठी जी गोळी आहे, तिची चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, एक दुकानदार दोन वर्षं सांभाळून ठेवतो. फोनवर ती लिहून देता येत नाही, मूल समोर लागतं. तिनं भूक कमी होते, म्हणून दर भेटीला आम्ही वजन-उंची घेतो. आणि अगदी लहान असेल तर आधी आई-वडिलांनाच शिकवतो, गोळीचा विचार नंतर. पोरांच्या बाबतीत मी हात राखूनच औषध देते, तुझी शपथ.

पैशाचं म्हणाल तर भाडं आम्ही सगळे मिळून भरतो. सायकॉलॉजिस्ट आणि सरांची फी त्यांची त्यांना. सिन्नर, निफाड, दिंडोरी, पार मालेगावहून लोक येतात. द्राक्षं उतरायला लागली की निफाड-दिंडोरीचे पालक दोन-दोन महिने फिरकत नाहीत, तेव्हा हात आखडतो, पण बागा संपल्या की येतात. कर्ज घेतलेलं नाही. दागिने लॉकरमध्येच आहेत. जेवणाचा डबा खालच्या मजल्यावरच्या काकू देतात, आमटी तुझ्यासारखी आंबट नसते, पण भाकरी गरम असते. रात्री आठच्या आत घरी असते.

आता माझं ऐका.

बाबा, पुढची खोली रिकामी ठेवायची नाही. तुम्ही दोघांनी खाली झोपायला यायचं. आईच्या गुडघ्यांना तो जिना आता झेपत नाही. सुतार गुरुवारी पलंग उतरवायला येईल, दादाशी बोलणं झालंय. मोरीत कमोड आणि भिंतीला धरायला दांडा त्याच आठवड्यात. "आम्ही काय म्हातारे झालो?" असं म्हणायचं नाही. पाटीचे खिळे काढू नका, तिथे तुमच्या नावाची पाटी लावा, चाळीस वर्षं मास्तरकी केलीत आणि दारावर कधी नाव नाही.

ब्लड प्रेशरची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. प्रीतिसंगमावर फिरायला जा, पण पावसात घाटाच्या पायऱ्या उतरू नका, वरूनच नमस्कार करा. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत, चकलीचा सोऱ्या दादा काढून देईल. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी नंबर विचारला तर फोन ठेवा, वाईट वाटून घेऊ नका.

मी लांब राहिले म्हणून तुम्ही एकटे पडाल, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. लेकरांच्या घरच्यांशी दिवसभर बोलते आणि स्वतःच्या घरच्यांना पत्र लिहिते. पण आई, तापात तू माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायचीस, रात्रभर बदलायचीस, दिवा बारीक करून. मूल आजारी असलं की कुणीतरी उशाशी बसायला लागतं, हे मी कॉलेजात नाही शिकले. इथे आम्ही सगळे मिळून तेवढंच करतो.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी कराडला येणार, सोमवारी पहाटे निघणार. थंडीत तुम्ही इकडे या. तुमच्यासाठी पूर्वेची खोली ठेवली आहे, पंचवटी जवळ आहे, आईला काळाराम मंदिरात नेईन, बाबांना आमच्या सरांच्या ताब्यात देईन.

आईच्या मोतीबिंदूची तारीख या शनिवारपर्यंत घ्या. दोन्ही डोळे एकदम नाही, आधी उजवा. तारीख मिळाली की मला कळवा, म्हणजे त्या आठवड्यातल्या अपॉइंटमेंट ताई पुढे ढकलतील. साखरेचा रिपोर्ट आधी काढा आणि फोटो पाठवा, नुसतं "बरा आहे" चालणार नाही.

तुमची,
चिमी