नॉर्डिक कम्बाइंडच्या मुलींसाठी २०३० चं दार उघडा : आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. कर्स्टी कॉव्हेंट्री,
अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती, लोझान

दि. २५ फेब्रुवारी २०२६

महोदया,

सप्रेम नमस्कार.

मिलान-कॉर्टिनाचं हिवाळी ऑलिंपिक रविवारी संपलं. हे आजवरचं सर्वांत समतोल हिवाळी ऑलिंपिक, ४७ टक्के खेळाडू स्त्रिया, असं तुमची समिती अभिमानाने सांगत होती. त्याच ऑलिंपिकमध्ये एक खेळ असा होता की ज्यात एकही बाई नव्हती. १९२४ साली शामोनीला हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं तेव्हापासून हा खेळ त्यात आहे, आणि तेव्हापासून तो फक्त पुरुषांचा आहे. नॉर्डिक कम्बाइंड. माझी पंधरा वर्षांची लेक हाच खेळ खेळते.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत आले आणि ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका लहान गावात स्थिरावले. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्या समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. तिथेच क्रिकेटला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं दार उघडलं गेलं आणि २०३० व २०३४ ही दोन्ही हिवाळी ऑलिंपिकं एकाच वेळी बहाल करायचं तत्त्वतः ठरलं. आमच्या शहरात बसून आमच्या लेकींच्या हिवाळ्यांचा निर्णय होत असेल, तर त्याबद्दल आमच्या भाषेत विचारायचा हक्क मला आहे. भाषांतर सोबत पाठवते आहे.

मराठी वाचकांसाठी खेळ थोडक्यात सांगते. पायाला लांब पट्ट्या म्हणजे स्की बांधून एकाच दिवशी आधी टेकडीवरच्या घसरगुंडीवरून ताशी ८५-९० किलोमीटर वेगाने सुटून हवेत उडी मारायची, आणि काही तासांनी बर्फातल्या चढ-उतारांवर स्कीवरच शर्यत धावायची. पुरुष १० किलोमीटर, स्त्रिया ५. उडीत एक गुण मागे पडलात की धावताना चार सेकंद उशिरा सुटायचं. त्यामुळे जो पहिला रेषा ओलांडेल तो विजेता. गुंडर गुंडरसन नावाच्या नॉर्वेजियन खेळाडूची ही युक्ती. उडायला हलकं अंग लागतं, पळायला दणकट. एकाच शरीराने ही दोन्ही सोंगं वठवायची. जगातला इतका अवघड मेळ मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

आता माझा प्रश्न ऐका. या ऑलिंपिकमध्ये प्रेडाझोच्या टेकडीवर मुलींनी उड्या मारल्या. मोठ्या टेकडीवरची स्त्रियांची वैयक्तिक स्पर्धासुद्धा यंदा पहिल्यांदाच झाली. तेझेरोच्या मार्गावर बायका ५० किलोमीटर धावल्या. म्हणजे बाईने उडी मारलेली चालते. बाई ५० किलोमीटर धावलेली चालते. पण तीच बाई, त्याच टेकडीवरून, त्याच दिवशी उडी मारून वर ५ किलोमीटर धावते म्हणाली की चालत नाही. हे कुठल्या तर्कात बसतं? टेकडी बांधलेली होती. मार्ग आखलेला होता. पंच, घड्याळं, बर्फ सगळं हजर होतं. ११ फेब्रुवारीला पुरुषांची शर्यत त्याच मार्गावर झाली. आणखी काय लागणार होतं तुम्हाला?

२०२२ च्या जूनमध्ये स्त्रियांची स्पर्धा यंदाच्या ऑलिंपिकमध्ये घ्यायला नकार देताना तुमच्या कार्यकारी मंडळाने कारणं दिली होती. स्त्रियांची जागतिक स्पर्धा तोवर एकदाच झाली आहे. पुरुषांच्या गेल्या तीन ऑलिंपिकमधली २७ पदकं चारच देशांनी नेली. प्रेक्षक सगळ्यांत कमी. ठीक आहे, एकेक घेऊ.

एकच जागतिक स्पर्धा? ओबर्स्टडॉर्फ २०२१, प्लानित्सा २०२३, ट्रॉन्डहाइम २०२५. तीन झाल्या. पहिलीत तिन्ही पदकं नॉर्वेला गेली हे खरं. पण दोनच वर्षांत प्लानित्साला नॉर्वेच्या गीडा वेस्टवॉल्ड हान्सेनच्या शेजारी जर्मनीची नताली आर्मब्रुस्टर आणि जपानची हारुका कासाई उभ्या होत्या. तीन पायऱ्या, तीन देश, दोन खंड. स्त्रियांचा वर्ल्ड कप, म्हणजे हंगामभराच्या स्पर्धांची मालिका, २०२० च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियाच्या रामसाऊला सुरू झाला. पहिला चषक अमेरिकेच्या तारा गेराटी-मोट्सने नेला, पुढे नॉर्वेने, आणि २०२५ मध्ये आर्मब्रुस्टरने. ती आमच्याच ब्लॅक फॉरेस्टची पोर. आणखी किती वेगाने वाढायचं होतं या मुलींनी?

चारच देश? २०१४ च्या सोचीत स्पीड स्केटिंगच्या ३६ पदकांपैकी २३ एकट्या नेदरलँड्सने नेली. २०२२ च्या बीजिंगमध्ये ल्यूजची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची, चारही सुवर्णपदकं जर्मनीने उचलली. त्या खेळांना कुणी दरवाजा दाखवला? आणि मुख्य म्हणजे, पुरुषांच्या पदकांचा हिशेब मुलींच्या नावावर का? पुरुषांनी पदकं वाटून घेतली म्हणून मुलींनी घरी बसायचं, हा कसला न्याय? पुरुष तर गेलेच ऑलिंपिकला. ५५ जागांच्या ३६ केल्यात, पण गेले.

राहता राहिले प्रेक्षक. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असं आमच्याकडे म्हणतात. ऑलिंपिकमध्ये नाही म्हणून सरकारी निधी नाही. निधी नाही म्हणून संघ नाहीत. संघ नाहीत म्हणून देश कमी, देश कमी म्हणून टीव्हीवर नाही, टीव्हीवर नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, आणि प्रेक्षक नाहीत म्हणून ऑलिंपिकमध्ये नाही. हा चक्रव्यूह तुमच्याच समितीने रचला आहे. बाहेर पडायची वाटही तुमच्याच हातात आहे.

याची झळ काय असते ते माझ्या घरात येऊन बघा. लेक लहान असताना शेजारच्या मुलांबरोबर सहज क्लबात गेली आणि दहा मीटरच्या टेकडीवरून पहिल्यांदा उडाली. मी खाली उभी, हातपाय गार. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, पोरीची जात, हातपाय मोडला तर?" त्यांची समजूत घालता घालता मीच या खेळात गुंतत गेले. उन्हाळ्यात इथे बर्फ नसतो. टेकडीवर हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, त्यांवर पाणी मारतात आणि पोरी त्यावर उतरतात. पडली तर कातडी सोलवटून निघते. संध्याकाळी चाकांच्या स्कीवर रानातल्या रस्त्याने चढ. आमच्या तळघरात जुनी इस्त्री आहे, तिच्यावर कपडे कधीच होत नाहीत. ती फक्त स्कीच्या तळव्यावर मेण वितळवायला. शर्यतीच्या आदल्या रात्री लेक तिथे उभी राहून मेण लावते, थंड झालं की पात्याने खरवडते, मग ब्रश. घरभर तो वास. हे सगळं ती शाळा सांभाळून करते.

तिच्या गटात पूर्वी बऱ्याच मुली होत्या. २०२२ च्या निर्णयानंतर एकेक गळत गेली. कुणी नुसत्या उडीकडे वळली, कुणी बायथलॉनकडे (स्कीवरची शर्यत आणि नेमबाजी), कुणी सोडूनच दिलं. राहिलेल्या मुली मुलांबरोबर सराव करतात. एका प्रशिक्षकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "एक काहीतरी निवडू द्या तिला. उडी किंवा धावणं. यात भविष्य नाही." त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. उडीकडे जायचं तर वजन उतरवावं लागेल, हे लेकीला कुणी सांगावं लागलं नाही. ती ताटातला भात कमी करायला लागली. मी तिची आई आहे, मला ते पहिल्याच दिवशी दिसलं. जो खेळ तिला दणकट राहायला शिकवत होता, तो तिच्याकडून काढून घेतला की काय होतं, ते हे. तुमच्या अहवालात याचा रकाना कुठला? स्कीचे बूट, उडीचा सूट, प्रवास, सगळा खर्च आम्हीच करतो. त्याबद्दल माझं रडगाणं नाही. पण रात्री स्वयंपाकघरात पोरगी विचारते, "आई, मी मुलगा असते तर?" याचं उत्तर द्यायचं काम माझ्यावर का टाकलंत?

अमेरिकेच्या अनिका मालासिन्स्कीच्या घरात तर हा भेद एकाच छपराखाली आहे. ती नॉर्डिक कम्बाइंड खेळते, तिचा धाकटा भाऊ निक्लासही तोच खेळतो. भाऊ ऑलिंपिकला गेला, बहीण गेली नाही. दोघांच्या मेहनतीत फरक काय, ते मला समजावून सांगा.

हे आजचं नाही. २००५ साली जागतिक स्की महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जान-फ्रांको कास्पर म्हणाले होते की वैद्यकीय दृष्टीने स्की जंपिंग, म्हणजे नुसती उडी, बायकांना योग्य वाटत नाही. २००९ साली स्की जंपिंगच्या मुलींनी व्हँकुव्हरच्या कोर्टात दाद मागितली. न्यायाधीश म्हणाल्या, हा भेदभावच आहे, पण ऑलिंपिक समितीला कॅनडाचा कायदा लागू होत नाही. मुलींना स्की जंपिंगचं पहिलं ऑलिंपिक मिळालं ते २०१४ मध्ये. भेदभाव आहे हे न्यायालय मान्य करतं आणि तरी काही करू शकत नाही! मग तुम्ही बांधील कुणाला आहात? तुमचे सभासद तुमचेच सभासद निवडतात. चार वर्षांत सात अब्ज डॉलरहून जास्त कमाई होते. खेळ कोणता ठेवायचा, कोणता काढायचा हे बंद खोलीत ठरतं आणि आमच्या हातात प्रसिद्धिपत्रक येतं. ज्यांचं आयुष्य त्या कागदावर ठरतं त्यांना त्या खोलीत खुर्ची नसते. हीच तऱ्हा मी गावच्या पंचायतीपासून पाहत आले आहे. लोझानला ती असेल असं मला वाटलं नव्हतं.

महोदया, तुमच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे, कारण तुम्ही झिम्बाब्वेच्या आहात. तुमच्या देशाला आजवर मिळालेल्या आठ ऑलिंपिक पदकांपैकी सात तुमची स्वतःची आहेत. आणि आठवं? १९८० साली मॉस्कोत बायकांच्या हॉकीचं सुवर्ण. पुरुषांची हॉकी १९०८ सालीच ऑलिंपिकमध्ये आली होती. बायकांची पहिल्यांदा त्या वर्षी आली. बहिष्कारामुळे संघ मिळेनात, ऐन वेळी झिम्बाब्वेला बोलावणं गेलं. जेमतेम सहा संघ होते. आमच्या भारताच्या मुली चौथ्या आल्या. देश किती, प्रेक्षक किती, असा काटा त्या दिवशी कुणी लावला असता तर तुमच्या देशाचं ते पहिलं सुवर्ण कुठे असतं?

आमच्याकडचंही उदाहरण देते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, दुष्काळी भागातली ललिता बाबर २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. आमच्या घरी त्या दिवशी सगळे टीव्हीपुढे होते. बायकांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली २००८ साली. त्याआधीच्या काळात माणदेशातल्या किती पोरींच्या पायांत ती ताकद असेल आणि शर्यतच नव्हती म्हणून ती कुणाला कळली नसेल? त्यांची मोजदाद कोण करणार? माझी लेक त्या यादीत जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

२०३० च्या फ्रेंच आल्प्समधल्या ऑलिंपिकचा निर्णय आता तुमच्या टेबलावर आहे. पुरुषांचा नॉर्डिक कम्बाइंडही काढून टाकायचा विचार चालला आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तसं केलंत तर कागदावर समानता येईल: दोघांनाही शून्य. ती समानता आम्हाला नको. ज्या हिंटरत्सार्टनच्या पोस्टमनने, गेऑर्ग टोमाने, १९६० साली या खेळातला नॉर्डिक देशांबाहेरचा पहिला ऑलिंपिक विजेता होऊन दाखवलं, त्या मुलखात मी राहते. इथे या खेळावर लोक जीव टाकतात. इथल्या शोनाखला वर्ल्ड कप असतो तेव्हा कुडकुडत उभी असलेली गर्दी येऊन बघा. आणि मुली कुणासाठी ओरडतात तेही ऐका.

माझ्या मागण्या साध्या आहेत. २०३० मध्ये स्त्री आणि पुरुष दोघांची स्पर्धा ठेवा. ३६ जागाच द्यायच्या असतील तर १८-१८ करा. स्की माउंटनिअरिंगला (स्कीवर डोंगर चढण्या-उतरण्याच्या शर्यतीला) यंदा तुम्ही तेच केलंत. किती देश, किती प्रेक्षक म्हणजे पुरेसे, तो आकडा आधी जाहीर करा, म्हणजे परीक्षा झाल्यावर उत्तीर्णाची रेघ वर सरकवता येणार नाही. प्रेक्षकांची जी आकडेवारी तुम्ही आमच्या तोंडावर फेकता, ती खेळवार उघड करा. आणि निर्णयाच्या बैठकीला या मुलींपैकी निदान एकीला आत बोलवा, तिचं म्हणणं ऐका, आणि मग हात वर करा. कुणी कुठल्या बाजूने हात वर केला, हेही आम्हाला कळू द्या.

निर्णय लवकर कळवा. पुढच्या हंगामाची नोंदणी उन्हाळ्याआधी करावी लागते, आणि उडी की धावणं हे माझ्या लेकीला तोवर सांगायचं आहे.

कळावे,

एक आई
ब्लॅक फॉरेस्ट, जर्मनी
(मूळ गाव सातारा)