उमाबाईंचं नाव

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी हे लिहून पाठवते आहे. फोनवर नेमकं सांगायचं असतं तेव्हा मी "बरं, ठेवते" म्हणून निसटते, हे आईला चांगलं ठाऊक आहे.

तुमच्या नातीला शाळेत सयाजीराव महाराजांवर दहा ओळी लिहायच्या होत्या. बडोद्यात बाग त्यांच्या नावाची, दवाखाना त्यांच्या नावाचा, विद्यापीठही त्यांच्याच नावाचं. तिला वाटायचं, ते इथेच राजवाड्यात जन्मले. मी म्हटलं, नाही गं, कवळाण्यात. मालेगाव तालुक्यात, आपल्या आजोबांच्याच मुलखात. तिनं पेन खाली ठेवलं आणि सगळं सांग म्हणाली.

मग बाबा, तुम्ही सांगायचात तसंच सांगितलं. दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेयर याला विष घालण्याचा आळ बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारनं त्यांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवून दिलं. मल्हाररावांच्या आधीचे राजे, त्यांचे थोरले भाऊ खंडेराव, यांच्या मागे राहिलेल्या राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. शोध घेत घेत गोष्ट कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांपर्यंत पोचली. शाखा त्याच घराण्याची, पण घर शेतकऱ्याचं. आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव हे तिघे भाऊ बडोद्याला गेले. कशाला आलास, असं विचारल्यावर मधला, बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, "राज्य करायला." अशी गोष्ट सांगतात. २७ मे १८७५ ला तो दत्तक गेला आणि गोपाळरावाचा सयाजीराव झाला.

पोरीनं विचारलं, "त्याला माहीत होतं, आपण राजाच्या घरचे आहोत?" मी म्हटलं, आडनाव तर माहीत होतंच, पण त्या आडनावाच्या पोटात एवढं काय आहे हे त्या वयाच्या पोराला कुठून कळणार? लिहिता-वाचताही येत नव्हतं त्याला. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि त्याची आई?"

बाबा, ही गोष्ट मी तुमच्याकडून कितीदा तरी ऐकली. त्याच्या आईबद्दल विचारावं असं मला एकदाही सुचलं नाही.

शनिवारी तिला घेऊन मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. तिथे पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन जाड काचेची आहे, खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून. पोरगी आधी पाऊल टाकायला घाबरली, मग चप्पल काढून चालली. आम्ही चार-पाच चरित्रं चाळली. दिवाण माधवराव सापडले, शिकवायला नेमलेले इलियट साहेब सापडले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम, शिवाय घोडा आणि तालीम. हे सगळं पानंच्या पानं. आईचं मात्र नाव तेवढं: उमाबाई. दत्तकविधान झालं की मुलगा कायद्यानं दुसऱ्या घरचा. ती संध्याकाळ कवळाण्यात कशी गेली असेल, ते मी चाळलेल्या पुस्तकांत कुठेच नव्हतं.

आई, आता तुला सांगते. मला आठवीसाठी मामाकडे नाशिकला ठेवलंत, तेव्हा मी तेराची होते. एसटीत बाबांनी मला धीर यावा म्हणून हीच गोष्ट सांगितली होती. मला धीर आला नाही. मला वाटलं, दादा घरी राहिला आणि मी गेले, कारण मी मुलगी. दिवाळीला आले तर भिंतीवरचा माझ्या दप्तराचा खिळा रिकामा. दांडीवर कपड्यांचा ढीग, दादाचा सदरा खाली पडलेला, पण त्या खिळ्याला काही नाही. मी समजले, माझी जागा मोडली. हे मनात धरून मी कितीतरी वर्षं काढली. परवा दादाला फोनवर उमाबाईंचं सांगत होते, तर तो सहज म्हणाला, "अगं, त्या खिळ्याला आई काही अडकवूच द्यायची नाही. मी टोपी अडकवली तर ओरडायची."

मी काही बोलले नाही. फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसले.

गावात शाळा सातवीपर्यंतच होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. कळत मात्र नव्हतं. आता पोरगी बाराची झाली आहे आणि सहलीला दोन दिवस पाठवायचं तर माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आणि एक. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात, मुलींनासुद्धा. लोक म्हणतात राजा पुरोगामी होता, ते खरंच आहे. पण मला वाटतं, ज्या मुलाला अक्षर गिरवण्यासाठी घर आणि आई सोडून इतक्या लांब यावं लागलं, त्यालाच शाळा गावागावात न्यावीशी वाटली असणार. हे माझं मत आहे, पुस्तकातलं नव्हे.

पोरीच्या दहा ओळींतली पहिली ओळ अशी आहे: "सयाजीरावांच्या आईचं नाव उमाबाई होतं." बाईंनी जन्मसाल आधी लिही म्हणून सांगितलं. तिनं बदललं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतोय. बाबा, एक दिवस कवळाण्याला जाऊ, तुमच्या गुडघ्यांची काळजी नको, गाडी करू. आई, तू त्या रात्री काय केलंस ते मला ऐकायचंय, मी नाशिकला गेले त्या रात्री. टाळू नकोस. आणि घराला रंग देणार आहात असं दादा म्हणाला, तर तेवढा खिळा उपटू देऊ नका.

तुमची,
ताई